आनंदीबाईंचा खोकला

२६ फेब्रुवारी ही डॉ. आनंदीबाई जोशी यांची पुण्यतिथी. ११ मार्चला त्यांना डॉक्टरकीची पदवी मिळाली. ३१ मार्च हा त्यांचा जन्मदिवस. आणि या सगळ्या तारखांच्या मध्ये येतो २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन. हा निव्वळ योगायोग, हे मलाही कळतं. पण दरवर्षी या दिवसांत मला या तारखा एकत्रच आठवतात. कारण आनंदीबाई गेल्या त्या क्षयाने, आणि आमच्या महिला मंडळातर्फे गेली बारा वर्षं मी ज्या वस्तीत जाते, तिथे हा आजार अजूनही मुक्कामाला आहे.

शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच आनंदीबाईंचा धडा वाचला. समुद्र ओलांडला, अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि वारल्या. त्या शेवटच्या वाक्यावर आपण कधी थांबत नाही. एकविसाव्या वर्षी क्षय होऊन वारल्या, एवढं वाचून हळहळतो आणि पान उलटतो. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने त्या घराघरात पोचल्या, २०१९ मध्ये सिनेमाही आला. या सगळ्यांत त्यांची जिद्द दिसते. मला आज त्यांचं आजारपण तुमच्यासमोर ठेवायचंय. जिद्दीची गोष्ट ऐकून आपण टाळ्या वाजवतो, पण आजारपणाच्या गोष्टीत आपल्या आजच्या घरांसाठी बरंच काही आहे.

कल्याणच्या जोश्यांची ही यमुना. जन्म १८६५ चा. घर एकेकाळचं खातंपितं, पण नंतर ओढग्रस्तीला आलेलं. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव बिजवर, पोस्टात नोकरीला, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. माणूस विक्षिप्त, पण बायकोला शिकवायचंच हा एकच ध्यास. त्या काळात नवरे बायकोने स्वयंपाक बिघडवला म्हणून मारत, हे गोपाळराव अभ्यास चुकला म्हणून मारत. पुढे अमेरिकेतून आनंदीबाईंनी त्यांना या माराची आठवण पत्रातून दिली, तीही अगदी स्पष्ट शब्दांत. तेव्हा शिकवणारा नवरा म्हणून आपण गोपाळरावांचं कौतुक जरूर करावं, पण त्या कोवळ्या पोरीच्या अंगावरचे वळही विसरू नयेत.

चौदाव्या वर्षी ती आई झाली. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुरुष डॉक्टरला बायकांनी दाखवायचं नाही आणि बाई डॉक्टर तर कुठे नाहीच. त्या बाळाच्या मरणातून तिच्या मनात डॉक्टर व्हायचं आलं, हे आपल्याला माहीत आहे. पण अर्धवट वाढलेल्या शरीराचं बाळंतपण, पाठोपाठ आलेलं दुःख आणि पुन्हा उभं राहून अभ्यासाला बसणं, हे सगळं त्या शरीराने सोसलं, हेही लक्षात ठेवायला हवं. शरीर हिशेब ठेवत असतं. माहेरी मायेने चार महिने उठबस झाली असती तर गोष्ट वेगळी. इथे लगेच पुढचा धडा, पुढची बदली.

बदल्याही किती! अलिबाग, कोल्हापूर, भूज आणि मग थेट कलकत्ता. तिथे पोचल्यावर आनंदीबाईंची तब्येत वारंवार बिघडू लागली. डोकं दुखायचं, मधूनच ताप यायचा, अशक्तपणा जायचा नाही, कधी धाप लागायची. तो क्षयच होता असं आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण शरीर दमलेलं होतं, हे नक्की.

याच सुमारास अमेरिकेतल्या एका बाईंशी त्यांची पत्रमैत्री जमली. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र एका मिशनरी गृहस्थांना लिहिलं होतं, ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या मासिकात त्यांनी ते वाचलं आणि या अनोळखी मुलीला पत्र घातलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. या मावशींनी तिकडून औषधंसुद्धा पाठवली. त्यांनी गुण आला नाही, पण सातासमुद्रापलीकडून कुणी तब्येतीची चौकशी करतंय, हाही एक आधारच की!

२४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे बंगालातलं श्रीरामपूर, आपलं नगरचं नव्हे) आनंदीबाई भर सभेत बोलल्या. आपल्याकडच्या बायकांना बाई डॉक्टर हवी आहे आणि ती मी होणार, हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असं त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. वय अठराही पूर्ण नव्हतं. एप्रिलमध्ये बोट सुटली, नवरा बरोबर नाही, आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तीन-चार महिने मावशींच्या घरी राहिल्या. मावशींच्या घरातले हे महिने त्यांना चांगले गेले. घर होतं, माया होती.

मग फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हानियाचं स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज. इथे दोन गोष्टींनी त्यांना गाठलं, थंडीने आणि पोटाने. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धड बसवलेली नव्हती. पेटवली की खोलीभर धूर आणि विझवली की हाडं गोठवणारी थंडी. दोन्हीतलं एक निवडायचं. छाती आधीच नाजूक, तिला हे दोन्ही वाईट. नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, पण शाकाहार सोडला नाही. दिलेला शब्द होता ना! हिंदू म्हणूनच परत यायचं होतं. त्या शहरात, त्या काळात, बर्फाच्या दिवसांत शाकाहारी मुलीच्या ताटात काय पडत असेल, याची कल्पना कुठल्याही गृहिणीला करता येईल. अभ्यास मात्र तीन वर्षांचा, आणि तोही परक्या भाषेत.

दीड-दोन वर्षांत ताप आणि चक्कर नेहमीची झाली. मधे घटसर्पानेही गाठलं. खोकला सुरू झाला तो थांबेचना. तरी त्यांनी प्रबंध लिहिला, विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. परीक्षा दिली. ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली तेव्हा इंग्लंडहून पंडिता रमाबाई खास समारंभाला आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. व्हिक्टोरिया राणीने अभिनंदन कळवलं. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली. सगळं हाताशी आलं होतं आणि त्याच वेळी डॉक्टरांनी निदान केलं, क्षय.

आता जरा त्या वेळच्या वैद्यकाकडे बघू. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणूनच क्षयरोग दिन त्या तारखेला असतो. तेव्हा आनंदीबाई बंगालात होत्या आणि सतरावं वर्ष पुरं व्हायला त्यांना आठवडा बाकी होता. म्हणजे त्या कॉलेजात गेल्या तेव्हा जंतू माहीत झाला होता, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही होता. पण त्याला मारणारं औषध नव्हतं. कॉड माशाचं तेल, मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न, एवढंच हातात. न्यूयॉर्क राज्यातल्या सारानॅक लेक इथे डॉ. ट्रुडो यांनी नुकतंच आरोग्यधाम सुरू केलं होतं, तेही या हवा-विश्रांतीच्याच भरवशावर. थुंकीत जंतू सापडणाऱ्या रोग्याला औषध मिळालं नाही तर दहा वर्षांत दहातले सात जण जातात, असा आज अभ्यासकांचा अंदाज आहे. जे तीन वाचत ते शरीराच्या स्वतःच्या ताकदीवर. आणि ती ताकद अन्न, ऊब आणि विश्रांतीतून येते. आनंदीबाईंच्या वाट्याला नेमक्या याच तीन गोष्टी आल्या नाहीत.

ऑक्टोबरात बोटीत बसून त्या १८८६ च्या अखेरीला मुंबईला उतरल्या. स्वागत मोठं झालं. मग पुणं. इथे कथेला जे वळण लागतं ते मला सगळ्यात जास्त बोचतं. एका बाजूला शहर त्यांचं कौतुक करतंय, बघायला माणसं येतायत. दुसऱ्या बाजूला समुद्र ओलांडून आलेल्या या बाईला औषध द्यायला एका नामांकित वैद्यांनी नकार दिला, असं चरित्रांतून वाचायला मिळतं. औषध दिलं तर समाज काय म्हणेल, ही भीती. डॉक्टरी झाली, वैद्यकी झाली, अमेरिकेतून औषधं आली. कशानेच उतार पडला नाही. त्या वैद्यांनी लगेच औषध दिलं असतं तरी त्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण आजारी माणसाच्या दारातून उपचाराने पाठ फिरवावी, तीही आजारासाठी नव्हे तर लोकांच्या तोंडासाठी, याला काय म्हणायचं?

२६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. ज्या बायकांसाठी डॉक्टर झाल्या, त्यांतल्या एकीचीही नाडी कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात त्यांना बघता आली नाही. अंत्यविधीला भटजी मिळतील का, ही गोपाळरावांना धास्ती होती, पण तिथे कुणी आडकाठी केली नाही. मेल्यावर समाज उदार होतो, हा आपला जुनाच अनुभव. त्यांची रक्षा गोपाळरावांनी मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आपल्या कल्याणच्या लेकीच्या नावाचा दगड आहे.

मैत्रिणींनो, आनंदीबाईंना मारलं ते जंतूने, यात शंका नाही. पण जंतूला वाट कुणी करून दिली, हे मोजायला बसलं तर यादी मोठी होते. लहान वयातलं बाळंतपण, अपुरं अन्न, धुराची खोली, आजार अंगावर काढून पुरं केलेलं काम, दुखणं सांगायला जवळ माणूस नसणं आणि शेवटी समाजाच्या भीतीने उपचाराचा नकार. ही यादी वाचताना मला १८८६ चं पुणं दिसत नाही. मला आमची वस्ती दिसते.

फरक एकच, आणि तो फार मोठा आहे. आज औषध आहे. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आलं, पुढे साठच्या दशकात रिफाम्पिसिन. आज साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि तो पुरा केला तर बहुतेक सगळे रोगी खडखडीत बरे होतात. तरीही जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या भारतात आहे आणि माणसं मरतायत. का? तर औषध आलं, पण ती यादी गेली नाही. फक्त तिचं काम बदललं. पूर्वी ती यादी शरीराची ताकद काढून घ्यायची, आता ती औषध पोटात जाऊ देत नाही.

याचा एक सुंदर दाखला आपल्याच देशात आहे. १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतले क्षयरोगी घेतले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवलं, तिथे पलंग, विश्रांती, चांगलं जेवण. निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरात ठेवलं, जे मिळेल ते खाऊन आणि काम करून. औषधं दोघांनाही तीच, वर्षभर. सगळ्यांना वाटलं होतं घरचे मागे पडतील. १९५९ मध्ये निकाल आला तेव्हा घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्यामुळे घरातल्या माणसांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. या प्रयोगानंतर जगभर आरोग्यधामांची गरज ओसरत गेली.

यावरून कुणी म्हणेल, मग अन्न आणि घर यांचं काय एवढं? गोळ्या पुरे झाल्या! पण त्या प्रयोगात घरच्या रोग्यांच्या मागे माणसं होती, हे विसरायचं नाही. आठवड्याच्या गोळ्या मोजून मिळत, नर्स घरी जाई, अचानक गोळ्या मोजून बघितल्या जात, लघवी तपासली जाई. गोळी खरंच घेतली का, हे कुणीतरी विचारत होतं. घर गरीब होतं, पण रोगी एकटा नव्हता.

अन्नाचं महत्त्व किती, हे अलीकडे पुन्हा कळलं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला. दोन हजार आठशे रोग्यांना गोळ्यांबरोबर दरमहा धान्य, डाळ, दूध पावडर, तेल असा शिधा दिला. काही कुटुंबांत घरातल्या बाकी माणसांनाही दिला. २०२३ मध्ये निकाल छापून आले. ज्या घरात सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. आणि ज्या रोग्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मरणाचा धोका ६१ टक्के कमी दिसला. ५ टक्के म्हणजे चाळीस किलोच्या बाईचे फक्त दोन किलो! दोन किलो वजन म्हणजे वरणाची एक जास्तीची वाटी, एखादं अंडं, मूठभर शेंगदाणे. तेव्हा मद्रासचा आणि झारखंडचा धडा एकमेकांच्या विरुद्ध नाही. औषधाशिवाय जंतू मरत नाही, आणि अगदी खंगलेलं शरीर औषधाचा परिणाम होईपर्यंत तग धरत नाही.

आता हे वजन बायकांच्या बाबतीत वाढतं का? आमच्या वस्तीत गोळ्या चालू असलेल्या रोग्यांच्या घरी मी जाते. नवरा आजारी असेल तर बायको त्याला अंडं उकडून देते, दूध राखून ठेवते, गोळीची वेळ पाठ करते. बायको आजारी असेल तर? ती स्वतःच स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते आणि उरलेलं खाते. सरकारकडून निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळायला लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पैसे रोग्याच्या खात्यात जमा होतात. पण तिचं खातं कुणाच्या हातात आहे आणि त्या हजारातून आलेलं दूध कुणाच्या कपात जातं, हे खात्यावर दिसत नाही.

नव्या सुनांचं दुखणं आणखी वेगळं. खोकला महिनाभर चालतो तरी ती बोलत नाही. माहेरचे म्हणतात, सासरी कळू देऊ नकोस. सासरचे म्हणतात, माहेराहून आजार घेऊन आली. कुठे तिला सरळ माहेरी पाठवून देतात आणि तपासणीची चिठ्ठी एका गावात, गोळ्या दुसऱ्या गावात असं होतं. मग गोळ्या पिठाच्या डब्यात लपवायच्या, कुणी नसताना घ्यायच्या. पाहुणे आले की त्या दिवशीची गोळी राहिली. अशी मधेमधे सुटलेली गोळी सगळ्यात वाईट. त्यातून जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग उपचार जास्त कठीण.

काही गोष्टी नुसत्या माहीत नसल्यामुळे बिघडतात, म्हणून इथे लिहून ठेवते. या गोळ्यांनी लघवी केशरी होते. त्याला घाबरून कितीतरी जणी गोळ्या टाकून देतात, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. याच गोळीमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मात्र कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय करावा. दिवस गेले किंवा बाळ अंगावर पीत असलं तरी नेहमीचा कोर्स चालू ठेवता येतो, डॉक्टरांना मात्र सांगायचं. मळमळ होते, भूक जाते, हातापायांना मुंग्या येतात, त्यावर उपाय आहेत. डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, नाहीतर क्षय लवकर हटत नाही. आणि दीड-दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, तीच खरी फसवी वेळ. बरं वाटतंय म्हणून गोळ्या थांबवल्या, की आजार परत येतो.

आणि ते वेगळं ताट! आपल्याकडे अजून घरोघरी क्षयाच्या बाईचं ताट-वाटी वेगळं काढतात. अहो, हा आजार खोकल्यातून हवेवाटे पसरतो. भांड्यांनी नाही, कपड्यांनी नाही, एका पंगतीत जेवल्याने नाही. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर पदर धरा, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या आणि डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देत असतील तर त्या घ्या. नीट औषध सुरू झालं की काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. वेगळ्या ताटाने जंतू अडत नाही. त्या बाईचं जेवण मात्र अर्ध्यावर येतं, कारण वेगळं काढलेलं ताट शेवटी भरलं जातं.

पुण्यातल्या त्या वैद्यांना आज आपण नावं ठेवू. पण वेगळं ताट, लपवलेली चिठ्ठी, सुनेला माहेरी धाडणं, हे तरी काय आहे? आजारापेक्षा लोक काय म्हणतील याची भीती मोठी, हेच ना? त्यांच्या काळी औषधच नव्हतं, एवढी तरी सबब होती. आपल्याला तीही नाही.

म्हणून या वर्षी आनंदीबाईंच्या फोटोला हार घालाल, शाळेत भाषणं ठेवाल, तेव्हा एक काम आणखी करा. तुमच्याकडे भांडी घासायला येणारी, शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी, तुमच्या भिशीतली, कुणी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असेल, संध्याकाळी अंग कोमट होत असेल, वजन उतरत असेल, तर तिला हाताला धरून थुंकी तपासणीला न्या. तपासणी फुकट आहे, औषध फुकट आहे. निदान झालं तर तिच्या घरच्यांशी चार शब्द बोला. आशाताई गोळ्या पोचवते, पण ताई रोज तिच्या ताटात बघायला येऊ शकत नाही. ते शेजारणीला जमतं. कामवाली असेल तर पगार न कापता तिला विश्रांतीचे दिवस द्या आणि कामावर परत घ्या, कारण कामावरून काढतील या भीतीनेच ती सांगत नाही. आणि सहा महिने रोज तिला एकच प्रश्न विचारा, आज गोळी घेतलीस का आणि गोळीआधी काय खाल्लंस?

आनंदीबाई राहिल्या असत्या तर कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांना त्यांनीही असंच काहीतरी विचारलं असतं. ते विचारायला त्या राहिल्या नाहीत. त्याला डॉक्टरकीची पदवी लागत नाही, तेव्हा आपण विचारू.